गाडीचा लाल दिवा आणि मुरब्याचा समुद्र

सगळे गाडीत बसले होते, हीच त्यातली खरी दुःखाची बाब. बिघडायचंच होतं तर गाडीने आदल्या दिवशी बिघडावं, माणसं घरात असताना बिघडावं. पण तेवढी माणुसकी तिच्यात नव्हती. पुढच्या सीटवर बीडहून आलेले रामकिसन ढाकणे नवा फेटा बांधून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, फोटोला बसावं तसे बसले होते. मागे त्यांची सून सोजरबाई धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. कुंभवलीजवळच्या त्या कामगार कॉलनीच्या तिन्ही मजल्यांवरची माणसं कठड्याला टेकून बघत होती आणि सोजरबाईचा नवरा चंद्रभान, म्हणजे कॉलनीतला पहिला आणि एकुलता एक मोटारमालक, किल्ली फिरवत होता.

इंजिन सुरू झालं. चक्राच्या मागे एक छोटा लाल दिवा होता, त्यावर तेलाच्या बुधलीचं चित्र. किल्ली फिरवली की तो लागायचा आणि इंजिन सुरू झालं की विझायचा. विझला म्हणजे इंजिनात तेल नीट फिरतंय, आता निर्धास्त जा, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी तो विझला नाही. चंद्रभानने इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं, तरी दिवा आपला तसाच. मग त्याने काचेवर एक टिचकी मारली. कारखान्यात त्याच्या टिचकीने भलेभले काटे जागेवर येत, असं तो सांगायचा. पण घरचं यंत्र आणि घरची माणसं बाहेरच्या कीर्तीला जुमानत नाहीत. शेवटी त्याने किल्ली खिशात टाकली आणि कोणाकडेही न बघता "उतरा" म्हणाला. धपाटे गच्चीवर बसून खावे लागले.

आता गाडीवाचून काय अडलं होतं ते सांगायला हवं. रामकिसनरावांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. ज्या गावात टँकर आला की पोरं त्याच्यामागे पळतात तिथे समुद्राची गोष्ट कोण काढणार? पण चंद्रभानने जुनी का होईना मोटार घेतली आणि त्याच तारेत गावी पत्र धाडलं की आबा, या, तुम्हाला माझ्या गाडीतून समुद्र दाखवतो. म्हाताऱ्याने ते पत्र शाळामास्तरांकडून पारावर सगळ्यांसमोर वाचून घेतलं. मग फेटा घेतला आणि आला. रविवारी संध्याकाळी त्याला परत निघायचंच होतं, कारण ज्वारी काढणीला आली होती आणि ज्वारी कोणाच्या समुद्रासाठी थांबत नाही.

खरं तर मुरबे गावचा समुद्र कॉलनीपासून काही फार लांब नव्हता. एस.टी. जायची, टेंपो तर सारखे जायचे. सोजरबाईने त्याच संध्याकाळी हे सुचवून पाहिलं.

"आबांना एस.टी.त कोंबून समुद्र दाखवायचा असता तर गाडी कशाला घेतली असती?" चंद्रभान म्हणाला.

या बोलण्यात कुठेतरी मोठं भोक आहे हे सोजरबाईला दिसत होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघता ती वेळ भोकं दाखवण्याची नव्हती. तिने भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

चंद्रभान तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट सुपरवायझर होता. कुठल्या टाकीत किती दाब, कुठल्या पाइपात किती उष्णता, हे सांगणारे काटे आणि दिवे सांभाळायचे, हे त्याचं काम. असे दिवे शंभर लागोत आणि शंभर विझोत, तो डगमगायचा नाही. त्या कारखान्याचा एक नियम होता आणि चंद्रभानने तो देवाच्या जागी ठेवला होता. महत्त्वाच्या ठिकाणी एक मापक कधी लावायचा नाही, तीन लावायचे. तिघांतले दोघं ओरडले तर खरं मानायचं आणि कारखाना थांबवायचा. एकटाच कोणी ओरडला तर तो मापकच बिघडलाय असं समजायचं. कारखान्यात हा नियम सोन्यासारखा होता. पण चंद्रभानने तो घरी आणला. आमटीला मीठ कमी आहे असं त्याला वाटलं तरी तो एकट्याच्या जिभेवर विश्वास ठेवायचा नाही. शेजारच्या दोघांना वाटी पाठवायचा. गेल्या पावसात सोजरबाईला ताप आला तेव्हा तिसरा थर्मामीटर मिळेपर्यंत तिला ताप आहे हे मान्य झालं नव्हतं.

त्यामुळे तेलाचा दिवा लागला तेव्हा खरा प्रश्न तेलाचा नव्हता, तर त्या दिव्याला वर्दी देणाऱ्या सेन्सरचा होता. इंजिनाच्या पोटाला बोटभर लांबीचा एक सेन्सर बसवलेला असतो, एकच वायर असलेला. तेलाचा दाब कमी झाला की तो दिव्याला कळवतो. चंद्रभानने वडिलांना हे तासभर समजावून सांगितलं. रामकिसनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी जागल्या हाये. आता गावात खरंच चोर शिरलाय का जागल्याला सपान पडलंय, एवढंच बगायचं."

चंद्रभानला आपला तासभर फुकट गेल्यासारखं वाटलं, पण मुद्दा तोच होता हे त्याने कबूल केलं.

चोर की स्वप्न, यावर पहिलं मत दिलं ते वरच्या मजल्यावरच्या आत्मारामने. आत्माराम वीजकेंद्रात कामाला होता आणि त्यामुळे दिव्यांच्या बाबतीत स्वतःला चंद्रभानहून एक पायरी वरचा समजत असे. त्यांच्याकडे म्हणे दिवा लागला की आधी बंद आणि मग विचार. खरा की खोटा ही चर्चा तिकडे होतच नाही. एवढं सांगून तो थांबला असता तर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडीच्या पुढच्या दांडीला लाल पुठ्ठा बांधला. 'दुरुस्तीखाली. चालवू नये.' खाली सही आणि तारीख. चंद्रभानने तो काढायला हात घातला तेव्हा आत्माराम वरून म्हणाला की ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची असते, तुमच्याकडे नियम नाही का? चंद्रभानकडे नियम तोच होता. पाटी राहिली.

आत्मारामने इंजिनाला हातही लावला नव्हता, म्हणून त्याचं मत मोजायचं नाही असं ठरलं. पहिलं मोजण्यासारखं मत बोईसर नाक्यावरच्या तिवारीचं. गॅरेज सोडून तो कॉलनीत आला, बोनेट उघडलं, आत डोकावला आणि अत्यंत दुःखी आवाजात म्हणाला, "इंजन खोलना पड़ेगा, साहब." त्याच्यावर अन्याय नको म्हणून सांगायचं, तर तिवारी सगळ्यांनाच हे सांगत असे आणि त्याच्या गॅरेजमध्ये उघडलेल्या इंजिनांची एक स्वतंत्र वस्ती झाली होती. पण मत ते मत. एक मत चोराच्या बाजूने पडलं.

दुसरं मत मासळीच्या पाटीबरोबर आलं. मुरब्याची राहीबाई एक दिवसाआड टेंपोने येऊन कॉलनीच्या जिन्याशी मासळी विकायला बसायची. उघडं बोनेट, त्यात कंबरेपर्यंत शिरलेला चंद्रभान आणि शेजारी फेटा बांधून पाना धरलेले रामकिसनराव बघून तिने चौकशी केली आणि पुढच्या खेपेला आपला दीर चिंतू याला बरोबर आणलं. चिंतू गावातल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याने लांब पेचकस इंजिनाला टेकवला, त्याची लाकडी मूठ कानाशी धरली, डोळे मिटले आणि इतका वेळ मिटलेले ठेवले की त्याला झोप लागली की काय अशी शंका यावी. मग म्हणाला, "इंजिन एकदम बेस हाय, सायब. आमच्या बोटीत दिवाच नाय. दिवा नाय तर कटकट नाय."

एक चोर, एक स्वप्न. बरोबरी झाली. आता तिसरं मत हवं होतं आणि ते, चंद्रभानने जाहीर केलं, माणसाचं नसेल, काट्याचं असेल. सेन्सर काढून त्या जागी दाब मोजायचा काटा बसवायचा. तेलाचा दाब असेल तर काटा वर जाईल, नसेल तर जाणार नाही. सोजरबाईने भाजी चिरता चिरता विचारलं की पालघरला पार्टच्या दुकानात असला नवा सेन्सर मिळत नाही का, सरळ जागल्याच बदलून बघू.

चंद्रभान तिच्याकडे बघतच राहिला. रोग न ओळखता औषध द्यायचं? एवढी वर्षं ज्याने एकही मापक पुराव्याशिवाय बदलला नाही त्याने स्वतःच्या गाडीत अंदाजाने हात घालायचा? उद्या कारखान्यात कळलं तर काय तोंड दाखवू, असं तो म्हणाला. सोजरबाईला वाटलं, कारखान्यापेक्षा आधी या म्हाताऱ्याला काय तोंड दाखवणार ते बघा. पण तिने ते कांद्याबरोबर चिरून टाकलं.

काटा कारखान्यात होता आणि कारखान्याला फाटक होतं. त्या फाटकाची कथा चंद्रभान रोज रात्री जेवताना सांगायचा आणि ती रोज थोडी पुढे सरकायची. स्टोअरवाल्याचं म्हणणं असं की चांगली वस्तू बाहेर जाऊ शकत नाही, फक्त नादुरुस्त वस्तू दुरुस्तीसाठी जाऊ शकते. म्हणजे चंद्रभानने चांगल्या काट्याला नादुरुस्त म्हणून लिहून द्यायचं. यावर त्याचा हात अडला. सगळं आयुष्य ज्याने काट्यांची अब्रू राखली त्याने एका निरपराध काट्यावर असला आळ घ्यायचा! शेवटी हाताखालच्या माणसाने सही केली आणि चंद्रभानने त्या वेळी तोंड फिरवलं. मग फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं की दुरुस्तीचा माल कोणत्या वाहनातून जाणार? चंद्रभानने अभिमानाने आपल्या मोटारीचा नंबर सांगितला. रखवालदार म्हणाला, मग ते वाहन फाटकावर हजर करा.

"गाडी चालू करायला काटा पाहिजे आणि काटा आणायला गाडी पाहिजे," चंद्रभान म्हणाला. "आबा, सांगा आता काय करायचं ते."

रामकिसनराव म्हणाले, "होऊ दे रं निवांत." आणि भाकरीचा तुकडा मोडून खाली बघत बसले. सोजरबाईही खाली बघत बसली. दोघांनाही खाली बघण्याचं कारण होतं.

झालं होतं असं. बुधवारी चंद्रभान कारखान्यात फाटकाशी भांडत असताना राहीबाई पाटी रिकामी करून निघाली होती. रामकिसनराव जिन्यावर बसले होते. त्यांनी सहज विचारलं की बाई, समुद्र म्हंजे असतो तरी कसा?

राहीबाईने पाटी खाली ठेवली. "बाबा, येवड्या लांबशी आलाव न समुद्र नाय बगितला? टेंपो उभा हाय. चला."

म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिलं. सुनेने गाडीकडे पाहिलं. गाडीचं बोनेट उघडं होतं आणि आत्मारामची पाटी वाऱ्यावर हलत होती. सोजरबाईने घराला कुलूप लावलं.

मुरब्याला उतरून वाळूत पाच पावलं गेल्यावर रामकिसनराव थांबले ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी वहाणा काढल्या, पुढे जाऊन ओंजळभर पाणी घेतलं आणि तोंडात घातलं. तोंड वाकडं करून थुंकले. "खरंच खारट हाये की गं," ते म्हणाले. "येवडं पाणी, आन् एका वाफ्याच्या कामाचं न्हाई." आणि मग, ज्या माणसाला सोजरबाईने लग्न होऊन आल्यापासून कधी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, तो माणूस धोतर वर धरून लाटेपुढे पळाला आणि लाटेमागे पळाला.  सोजरबाईने पदर तोंडाला लावला.

परत येताना टेंपोत ते एकच वाक्य बोलले. "चंदरला बोलायचं न्हाई." तिनेही मान हलवली. कॉलनीत शिरण्याआधी दोघांनी नळावर पाय धुतले आणि वहाणांतली वाळू झटकली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण गुरुवारी सकाळी चंद्रभान कामावर गेल्याबरोबर म्हातारा फेटा बांधून तयार. त्यांनी सोजरबाईला विचारलंही नाही. नुसते दाराशी उभे राहिले. त्या दिवशी ते होडीची डागडुजी करणाऱ्या माणसांत जाऊन बसले. शुक्रवारी तर एकटेच गेले. संध्याकाळी येऊन हळू आवाजात सुनेला सांगत होते की भरती-ओहोटीची वेळ रोज पुढं सरकती, ती चंद्रावर असती, आणि चिंतूच्या चुलत्याची होडी गुजरातेपर्यंत जाऊन आलेली हाये. मग बाहेर चंद्रभानची पावलं वाजली आणि सासरा-सून एकदम ज्वारीच्या भावावर बोलायला लागले. आपण या घरात चोरी करतोय असं सोजरबाईला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या चोरीची तिला मजाही येत होती.

शनिवारी काटा आला. एक नव्हे, तीन आले. एका मित्राच्या स्कूटरला कारखान्याचं वाहन ठरवून ते फाटकाबाहेर काढण्यात आले होते. सोजरबाईने विचारलं, तीन कशाला? या प्रश्नाची नवऱ्याला कीवच आली. एका काट्याचं कोण मानतो? त्याने कारखान्यातल्या कारागिराकडून एका तोंडाला तीन फाटे असलेली पितळी नळी करून आणली होती. सेन्सर काढला, त्याची वायर बाजूला लोंबकळत सोडली, नळी बसवली आणि तिच्यावर तीन काटे चढवले. पहिले दोन त्याने दात-ओठ खाऊन आवळले. तिसऱ्याच्या वेळी पाना नीट बसत नव्हता, हात भरून आला होता आणि सगळी कॉलनी खाली जमली होती. तिसरा हातानेच फिरवला.

आत्माराम आला होता. तो लग्नाला निघाला होता, पांढरा सदरा आणि पांढरी विजार घालून. पण पाटी आपण लावली तेव्हा चाचणीच्या वेळी हजर राहणं त्याला कर्तव्य वाटत होतं. तो बोनेटवर वाकून उभा राहिला. रामकिसनरावांना चंद्रभानने आत बसवलं आणि दिव्यावर नजर ठेवायला सांगितली. मग खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली.

पहिला काटा सरसर वर गेला. दुसराही त्याच्या बरोबरीने गेला. दाब चांगला होता, ठणठणीत होता. इंजिनात काही चोर नव्हता. तिघांतल्या दोघांनी कौल दिला होता आणि चंद्रभानने कौल देणाऱ्या देवासारखा हात वर केला. तिसऱ्या काट्याची आता कोणालाच गरज नव्हती. नेमका तोच उडाला.

काटा गेला कुठे ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्या जागेतून काळ्या तेलाची चिळकांडी निघाली ती सरळ आत्मारामच्या छातीवर, तिथून खाली विजारीवर आणि तिथून कॉलनीच्या फरशीवर. आणि नेमक्या त्याच वेळी आतून रामकिसनराव आनंदाने ओरडले, "चंदर, दिवा इझला!" दिवा विझणारच होता, कारण त्याची वायरच काढून ठेवली होती, किंबहुना तो लागलाच नव्हता. पण वरच्या दोन मजल्यांना तेल दिसत नव्हतं, फक्त ओरडणं ऐकू आलं होतं. दिवा विझला, दिवा विझला म्हणत बायकांनी टाळ्या वाजवल्या. एका पोराने पिपाणी वाजवली. चंद्रभानने किल्ली बंद करेपर्यंत इंजिनातलं बरंचसं तेल फरशीवर आलं होतं, आणि जे तेल कमी आहे असं तो दिवा आठवडाभर खोटं सांगत होता ते आता खरोखर कमी झालं होतं.

 आत्मारामने वाकून गाडीची लाल पाटी सोडली, ती तेलाने माखलेल्या हाताने चंद्रभानच्या गळ्यात घातली आणि आंघोळीला वर गेला.

चंद्रभान जिन्याच्या पायरीवर बसला. चाळिशीचा माणूस, हातात पाना, गळ्यात 'चालवू नये'. सोजरबाई फरशीवर लाकडाचा भुसा टाकत होती. तिला हसू येत होतं आणि ते हसू आवरताना तिला एकदम दिसलं की नवरा पान्याने उगाच पायरी खरवडतोय. "उद्या आबा जाणार," तो म्हणाला. "पारावर त्यांना विचारतील ना, की समुद्र कसा होता. तेव्हा ते काय सांगणार?"

तेव्हाच सांगून टाकावं असं तिच्या अगदी जिभेवर आलं. तिने सासऱ्याकडे पाहिलं. ते जोरजोराने मान हलवत होते, नाही नाही म्हणून.

त्याच संध्याकाळी चंद्रभान पालघरला गेला. दुकानदाराने त्याचं निम्मं बोलणं ऐकलं आणि मागे न बघता खणातून कागदात गुंडाळलेला सेन्सर काढून काउंटरवर ठेवला. असले तो रोज विकत होता. रविवारी सकाळी नवा सेन्सर, नवं तेल. किल्ली फिरवली, दिवा लागला, इंजिन सुरू झालं, दिवा विझला. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.  फक्त आत्माराम वरून वाळत घातलेल्या सदऱ्याआडून बघत होता.

मुरब्याच्या रस्त्याला चंद्रभान बोलका झाला. आबा, हे बघा, हवा बदलली की नाही, ही समुद्राची हवा. आबा म्हणाले, व्हय का. आबा, घाबरू नका बरं का, एकदम समोर दिसेल. आबा म्हणाले, आसं? मागे बसलेल्या सोजरबाईने डब्यावर नजर खिळवली होती. म्हातारा मन लावून अडाण्याचं सोंग करत होता आणि चांगलं करत होता. पण हौशी नटाचं व्हायचं ते झालं. झाडं संपली, पुढे लांबवर ओली काळी वाळू दिसली आणि पाणी पार मागे गेलेलं दिसलं. चंद्रभानचा चेहरा पडला; आठवडाभर ज्याच्यासाठी जीव टाकला तो समुद्र जागेवर नव्हता. त्याचं तोंड बघून रामकिसनराव घाईने म्हणाले, "काळजी नको करू. आता लागंलच भरती. परवा जेवणाच्या टायमाला लागली व्हती, आज थोडी पुढं."

गाडी थोडी पुढे गेली आणि हळू झाली. बाकीचं मुरबे गावच बोललं. बांबूंवर बोंबील टाकणाऱ्या बायकांतून राहीबाईने हात केला, "बाबा, आज मोटारीत आलाव?" जाळं दुरुस्त करत बसलेल्या म्हाताऱ्यांनी सरकून एक जागा रिकामी केली. चिंतू तर थेट खिडकीशीच आला. "दिवा इझला काय, सायब?" त्याने विचारलं. त्याच्या मागून आलेल्या कोणीतरी विचारलं की गाडी उघडून बसतो म्हणतात तो हाच काय.

चंद्रभानने गाडी कडेला घेतली. "आबा, हे तुम्हाला ओळखतात," तो म्हणाला.

"मी नेलं होतं," सोजरबाई मागून म्हणाली. "बुधवारी."

 चंद्रभान उतरला, पुढे गेला आणि त्याने बोनेट उघडलं. आत बघण्यासारखं काहीच नव्हतं. पण तोंड लपवायला मोटारीत तेवढीच जागा असते. सोजरबाई उतरायला निघाली तर सासऱ्याने तिला हाताने थांबवलं आणि स्वतः उतरले. काच खाली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"चंदर, इकडं बग," रामकिसनराव म्हणाले. "समुद्र बगितला मी. तीन दिस बगितला. लई मोठा हाये, लई झाक हाये. पर गावात गेल्यावर कोन पुसतंय त्याला? समुद्र काय मपला हाये? मपल्या पोराच्या गाडीत बसलो, हे सांगाया आलो व्हतो मी. ते राहिलं व्हतं." त्यांनी बोनेट स्वतःच्या हाताने खाली ओढलं. ते नीट लागलं नाही, मग दोघांनी मिळून दाबलं. "चल. फिरव मला."

चंद्रभानने बाहीने डोळे पुसले, त्या बाहीला तेल होतं, ते गालावर आलं. कोणी त्याला सांगितलं नाही. तो येऊन चक्रामागे बसला.

मग ती गाडी मुरब्याच्या किनाऱ्याच्या रस्त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आली, आणि पुन्हा गेली. रामकिसनराव कोपर खिडकीबाहेर काढून बसले होते. दर थोड्या अंतरावर ते गाडी थांबवायला लावत, कोणाला तरी नावाने हाक मारत आणि सांगत की हा मपला चंदर, गाडी त्याचीच हाये, दिवाबी त्यानंच नीट केला. माणसं येऊन गाडीला हात लावून जात. सोजरबाईने डबा उघडून धपाटे वाटायला घेतले. भरतीचं पाणी वाळू गिळत पार रस्त्याजवळ आलं होतं, होड्या एकेक करून उचलल्या जात होत्या. बाप पोराच्या गिअर टाकणाऱ्या हाताकडे बघत होता आणि पोरगा रस्त्याकडे, आणि समुद्राकडे त्या दोघांपैकी कोणीही पाहिलं नाही.